करंट कुठे अडला?

प्रीमिअर पद्मिनीसारखी जुनी पेट्रोल गाडी चालू व्हायला तीन गोष्टी एकाच वेळी जुळून याव्या लागतात: सिलिंडरमध्ये पेट्रोल आणि हवेचे योग्य मिश्रण, ते दाबून धरणारे कॉम्प्रेशन आणि नेमक्या क्षणी पडणारी ठिणगी. यांपैकी कॉम्प्रेशन एका रात्रीत जात नाही. रिंगा आणि व्हॉल्व्ह झिजायला वर्षे लागतात आणि तोवर धूर, तेलाचा खप आणि चढावरची दमछाक यांतून गाडी आपली तब्येत सांगत असते. पेट्रोल संपले किंवा पंपाने दगा दिला, तर ती बहुधा आचके देत, रडतकढत थांबते. पण काल संध्याकाळी ठणठणीत असलेली गाडी आज सकाळी नुसतीच सेल्फवर फिरत राहिली, किंवा दिवा विझावा तशी चालता चालता एकदम बंद पडली, तर पहिला संशय ठिणगीवर घ्यावा. गॅरेजच्या भाषेत, प्लगला करंट नाही.

मग शोध एवढाच उरतो, की बॅटरीतून निघालेला करंट प्लगपर्यंत पोहोचण्याआधी कुठे अडला. रस्ता ठरलेला आहे आणि त्यावरचे थांबेही मोजके आहेत. क्रमाने गेले तर हा शोध बहुतेक वेळा अर्ध्या तासात संपतो. क्रम सोडला की नवी कॉइल, नवा कंडेन्सर, नवे प्लग अशी खरेदी होते आणि गाडी जागची हलत नाही. त्यात एखादी नवी वस्तूच सदोष निघाली, तर मूळच्या एका दोषाचे दोन होतात आणि मग चांगले मुरलेले मेकॅनिकही चक्रावतात. एका वेळी एकच वस्तू बदलावी आणि काढलेली जुनी वस्तू गाडी चालू होईपर्यंत फेकू नये, हा या कामातला पहिला नियम.

उदाहरणासाठी पद्मिनी घेणे सोयीचे आहे. मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात प्रीमिअर ऑटोमोबाइल्सने फियाटच्या परवान्याखाली १९६४ पासून ‘फियाट ११०० डिलाइट’ या नावाने ही गाडी बनवली. १९७४ पासून तिचे नाव पद्मिनी झाले आणि शतक संपेपर्यंत तिचे उत्पादन चालले. काळी-पिवळी म्हटल्यावर अनेक वर्षे डोळ्यांसमोर यायची ती हीच. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी वयोमर्यादा भरल्याने २०२३ च्या ऑक्टोबरअखेरीस सेवेतून गेली, तरी खासगी मालकांनी जपलेल्या पद्मिनी अजून रस्त्यावर दिसतात. इंजिन १०८९ सीसीचे, चार सिलिंडरचे, कार्ब्युरेटरवर चालणारे. कंप्युटर नाही, सेन्सर नाही, बिघाडाचा दिवाही नाही. जे काही बिघडते ते डोळ्यांनी दिसते किंवा साध्या टेस्ट लॅम्पने सापडते. अँबेसिडर आणि त्या काळातल्या इतर बहुतेक चार सिलिंडरच्या पेट्रोल गाड्यांनाही पुढचे सगळे लागू पडते.

ठिणगी तयार होते कशी

ठिणगी पाडणारी ही यंत्रणा अमेरिकेतल्या ओहायो राज्यात डेटन इथे चार्ल्स केटरिंग या इंजिनिअरने विकसित केली आणि १९१० च्या कॅडिलॅक गाड्यांमध्ये ती पहिल्यांदा बसली. त्याच्या ‘डेटन इंजिनिअरिंग लॅबोरेटरीज’ या कंपनीच्या आद्याक्षरांवरून ‘डेल्को’ हे नाव पडले आणि फ्रान्समध्ये लोक डिस्ट्रिब्युटरला अजूनही डेल्कोच म्हणतात. १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये हँडल मारण्याचे कष्ट संपवणारा विजेवरचा सेल्फ स्टार्टर आला, तोही केटरिंगचाच. मराठीतला ‘सेल्फ’ हा शब्द त्या स्टार्टरचा उरलेला अर्धा भाग आहे.

बॅटरीच्या १२ व्होल्टना प्लगच्या टोकांमधली अर्ध्या मिलिमीटरहून जराशी मोठी फटही ओलांडता येत नाही. तिथे हजारो व्होल्ट लागतात. ते तयार करते कॉइल. तिच्यात लोखंडी गाभ्यावर तारेचे दोन थर गुंडाळलेले असतात: एक जाड तारेचा, दोन-तीनशे वेढ्यांचा, आणि दुसरा केसासारख्या बारीक तारेचा, वीस हजारांच्या आसपास वेढ्यांचा. जाड तारेतून तीन-चार अँपिअर करंट वाहू लागला की गाभ्याभोवती चुंबकीय क्षेत्र उभे राहते. हा करंट एकदम तोडला की क्षेत्र कोसळते आणि त्या कोसळण्याच्या वेगामुळे बारीक तारेत १५ ते २५ हजार व्होल्टपर्यंतचा दाब निर्माण होऊ शकतो.

म्हणजे ठिणगी करंट जोडल्यावर पडत नाही, तोडल्यावर पडते. ही एक गोष्ट मनात पक्की बसली की अर्धे दोष आपोआप कळू लागतात. करंट तोडायचे काम सीबी पॉइंट करतात. डिस्ट्रिब्युटरमधल्या चार उंचवट्यांच्या कॅमवर एक फायबरची टाच घासत असते. उंचवटा आला की ती ढकलली जाऊन पॉइंट उघडतात, उंचवटा गेला की स्प्रिंग ते मिटवते. चार सिलिंडरचे इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असताना हे सेकंदाला १०० वेळा घडते. पॉइंट उघडताना तिथेच ठिणगी पडून करंट रेंगाळू नये, तो झटकन तुटावा, म्हणून शेजारी कंडेन्सर असतो. तयार झालेला मोठा दाब कॉइलच्या मधल्या जाड वायरने डिस्ट्रिब्युटरच्या कॅपमध्ये येतो, खालचा फिरता रोटर तो पाळीपाळीने चार वायरींना वाटतो आणि तिथून तो प्लगपर्यंत जातो.

या रस्त्याचे दोन भाग होतात: बॅटरीपासून कॉइल आणि पॉइंटपर्यंत १२ व्होल्टचा, कॉइलपासून प्लगपर्यंत हजारो व्होल्टचा. एलटी आणि एचटी ही त्यांची नेहमीची नावे.

आधी बॅटरी

चावी फिरवल्यावर नुसताच टक असा आवाज येत असेल किंवा सेल्फ मरगळल्यासारखा फिरत असेल, तर इग्निशनला हात लावू नये. पूर्ण चार्ज असलेली बॅटरी विसावलेल्या अवस्थेत १२.६ व्होल्ट दाखवते. १२ व्होल्ट म्हणजे ती जवळजवळ उतरलेली. पण खरी परीक्षा सेल्फ मारताना होते. त्या वेळी व्होल्टमीटर साडेनऊ-दहाच्या खाली घसरत असेल, तर इंजिन फिरूनही कॉइलला पुरेसा करंट मिळत नाही आणि ठिणगी अशक्त पडते. सेल्फवर हटून बसणारी आणि चार जणांनी धक्का मारताच चालू होणारी गाडी नेमके हेच सांगत असते. चावी सोडता सोडता इंजिन घेते, याचाही अर्थ बहुधा तोच. अशा गाडीची कॉइल विनाकारण बदलली जाते.

मीटर नसेल तर हेडलाइट लावून सेल्फ मारावा. उजेड थोडा मंदावला तर ठीक. पार विझला तर बॅटरी उतरलेली आहे किंवा टर्मिनल ढिले आहे. टर्मिनलवर साचलेली पांढरी-हिरवी भुकटी खाण्याचा सोडा घातलेल्या गरम पाण्याने निघते. जोड वरून चकचकीत दिसला तरी आतून काळा पडलेला असू शकतो, म्हणून तो उघडून, घासून पुन्हा आवळावा.

अर्थची पट्टी हमखास विसरली जाते. इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेले असते, त्यामुळे बॉडीशी त्याचा विजेचा संबंध त्या एका विणलेल्या पट्टीतून येतो. ती तुटली किंवा गंजली की सेल्फचा मोठा करंट परतीची दुसरी वाट शोधतो आणि कधीकधी ती चोकच्या किंवा अॅक्सिलरेटरच्या केबलमधून सापडते. सेल्फ मारल्यावर चोकची केबल गरम लागली, तर दुसरा पुरावा नको.

अर्ध्या रस्त्यावरची तपासणी

बॅटरी ठीक असेल तर एकेक थांबा पाहत बसण्यापेक्षा सरळ मधोमध जावे. डिस्ट्रिब्युटर कॅपच्या मध्यातून कॉइलची जाड वायर उपसून काढावी, तिचे धातूचे टोक इंजिनच्या स्वच्छ लोखंडापासून पाच-सहा मिलिमीटरवर राहील अशी ती लाकडी चिमट्याने किंवा रबरी हातमोज्याने धरावी आणि दुसऱ्या माणसाला सेल्फ मारायला सांगावे. टच् टच् असा कडक आवाज करत निळी-पांढरी ठिणगी उडाली, तर बॅटरी, चावी, कॉइल, पॉइंट, कंडेन्सर हे सगळे निर्दोष. दोष पुढे, कॅप, रोटर, वायरी आणि प्लग यांत. काहीच उडाले नाही किंवा पिवळट, बारीक धागा दिसला, तर दोष बहुधा मागे. एका मिनिटाच्या या कामात निम्मा रस्ता संशयातून सुटतो.

ठिणगी पाच-सहा मिलिमीटरची असायला हवी, यालाही कारण आहे. प्लग बाहेर काढून, इंजिनवर टेकवून ठिणगी पाहायची पद्धत सर्रास आहे आणि ती फसवी आहे. मोकळ्या हवेत प्लगची छोटी फट ओलांडायला फारसा जोर लागत नाही. तीच फट सिलिंडरमधल्या दाबलेल्या मिश्रणात ओलांडायला कितीतरी जास्त व्होल्टेज लागते. म्हणून ‘प्लगला करंट येतोय, तरी गाडी चालू होत नाही’ ही तक्रार खोटी नसते. करंट येत असतो, पण पुरेसा नसतो. हवेत लांब उडी मारणारी ठिणगीच आत टिकते.

ही तपासणी करताना कार्ब्युरेटर उघडा नसावा, आसपास सांडलेले पेट्रोल नसावे आणि वायर हाताने धरू नये. त्या झटक्याने सहसा जीव जात नाही, पण हात बॉनेटच्या कडेवर किंवा पंख्यावर आपटतो. पेसमेकर असलेल्या माणसाने मात्र या कामात पडूच नये.

एलटीचा भाग: टेस्ट लॅम्पची भाषा

कॉइलवर दोन छोटी टर्मिनल असतात. एकाला चावीकडून वीज येते, दुसऱ्यावरून वायर पॉइंटकडे जाते. लुकास पद्धतीच्या जुन्या कॉइलवर ती ‘एसडब्ल्यू’ आणि ‘सीबी’ अशी लिहिलेली दिसतात. टेस्ट लॅम्पचा चिमटा इंजिनच्या लोखंडाला लावावा, चावी ऑन करावी आणि टोक आधी चावीकडच्या टर्मिनलला टेकवावे. दिवा लागला नाही तर वीज कॉइलपर्यंत येतच नाही. बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून या टर्मिनलपर्यंत एक वायर थेट जोडून गाडी चालू झाली, तर दोष चावीच्या स्विचमध्ये किंवा मधल्या वायरीत आहे. वाटेत अडकलेल्या गाडीला घरी आणायला हा उपाय चालतो. मात्र अशी जोडलेली गाडी चावीने बंद होत नाही, वायरच काढावी लागते.

काही गाड्यांत कॉइलच्या आधी एक बॅलास्ट रेझिस्टर असतो आणि सेल्फ मारताना तो वळसा घालून टाळला जातो. तो जळाला की चमत्कारिक लक्षण दिसते: सेल्फ मारत असेपर्यंत इंजिन घेते आणि चावी सोडताक्षणी मरते.

आता टोक पॉइंटकडच्या टर्मिनलला लावून सेल्फ मारावा. दिवा लुकलुकला पाहिजे: पॉइंट उघडे असताना पेटलेला, मिटलेले असताना विझलेला. लुकलुकतो आहे आणि तरी मधल्या वायरीतून ठिणगी नाही, तर कॉइल किंवा कंडेन्सर. सतत पेटलेलाच राहिला, तर पॉइंट दिसायला मिटत असले तरी विजेच्या दृष्टीने मिटत नाहीत. मध्ये घाण आहे किंवा वायर तुटली आहे. मुळीच पेटला नाही, तर डिस्ट्रिब्युटरकडे जाणारी वायर त्या टर्मिनलवरून काढून पाहावे. काढताच दिवा लागला तर डिस्ट्रिब्युटरच्या आत कुठेतरी शॉर्ट आहे किंवा पॉइंट उघडतच नाहीत. तरीही लागला नाही, आणि चावीकडच्या टर्मिनलला मात्र वीज आहे, तर कॉइलमधली जाड तार तुटलेली. हा प्रकार क्वचितच आढळतो.

सीबी पॉइंट

जुन्या गाडीच्या इग्निशनमध्ये सर्वांत जास्त सतावणारी ही जागा, म्हणून इथे सर्वांत जास्त वेळ द्यावा. कॅपच्या दोन क्लिपा काढून कॅप बाजूला करावी, रोटर वर उचलून काढावा. खाली गोल प्लेटवर पॉइंट बसलेले दिसतात. निरोगी पॉइंट करड्या रंगाचे आणि किंचित खडबडीत असतात; आरशासारखे असण्याची गरज नाही. निळे-काळे असतील तर जळलेले. एका बाजूला खड्डा आणि समोर त्याच मापाचा उंचवटा तयार झाला असेल, तर एका पॉइंटचा धातू दुसऱ्यावर जाऊन बसला आहे. थोडा खड्डा नैसर्गिकच. लवकर आणि खोल पडत असेल तर कंडेन्सरकडे पाहावे.

महिनोन्‌महिने, विशेषतः पावसाळाभर, उभ्या राहिलेल्या गाडीत पॉइंट जळलेले नसतात; त्यांवर ऑक्साइडचा एक न दिसणारा पापुद्रा चढलेला असतो. १२ व्होल्टला तेवढा अडथळाही पुरतो. अशा वेळी कानस नको. जुन्या लग्नपत्रिकेच्या जाड कागदाची पट्टी पेट्रोलमध्ये बुडवून मिटलेल्या पॉइंटमधून ओढावी, मग कोरडी पट्टी ओढावी. कागदावर काळी रेघ उमटते आणि पुष्कळदा गाडी तेवढ्यावर चालू होते. नवेकोरे पॉइंट बसवल्यावर गाडी हटून बसली, तरी हेच करावे. गंज लागू नये म्हणून लावलेला तेलाचा थर पुसलेला नसतो. पॉलिश पेपर वापरायची सवय मात्र बरी नाही. त्याचे वाळूसारखे कण धातूत रुततात, आणि हे कण वीज वाहून नेत नाहीत.

मग गॅप. टाच कॅमच्या उंचवट्याच्या अगदी टोकावर येईपर्यंत इंजिन फिरवावे आणि फिलर गेजने फट मोजावी. या वर्गातल्या बहुतेक गाड्यांना ०.४ ते ०.५ मिलिमीटर लागते. नेमका आकडा गाडीच्या मॅन्युअलमध्ये असतो. टाच झिजत जाते तशी फट कमी होत जाते आणि एक दिवस पॉइंट उघडायचेच थांबतात. करंट तुटत नाही, म्हणून ठिणगी नाही. कॅमवर ग्रीसचे बोट फिरवायला विसरले की हा दिवस लवकर येतो. ग्रीस भरमसाट चोपडले की ते उडून पॉइंटवर बसते आणि दोष उलट्या बाजूने येतो. गॅप बदलला की टायमिंगही सरकते: गॅप वाढला तर ठिणगी लवकर पडते, घटला तर उशिरा. म्हणून आधी गॅप, मग टायमिंग. उलटा क्रम म्हणजे दुप्पट काम.

पॉइंट नुकतेच बदलले आणि गाडी बंदच पडली, तर स्प्रिंगच्या बुडाशी असलेले फायबरचे वॉशर पाहावेत. तिथे एका खिळ्यावर स्प्रिंग, कंडेन्सरची वायर आणि कॉइलकडून आलेली वायर एकत्र येतात, आणि त्या तिघींचा प्लेटशी स्पर्श होऊ नये म्हणून दोन वॉशर असतात. त्यातला एक चुकीच्या जागी बसला की सगळा करंट कायमचा अर्थ होतो. नखाएवढ्या वॉशरपायी गाडी टो करून नेल्याचे प्रसंग प्रत्येक जुन्या गॅरेजला ठाऊक असतात. दुसरी फसवी जागा म्हणजे डिस्ट्रिब्युटरच्या आतली छोटी लवचीक वायर. प्लेट सतत थोडी हलत असल्याने ती आतल्या आत तुटते. वरचे आवरण मात्र शाबूत दिसते. चिमट्याने हलके ओढून पाहावे: आवरण रबरासारखे ताणले गेले तर आत तांबे उरलेले नाही.

कंडेन्सरवर खापर फोडायची पद्धत जुनी आहे आणि काही अंशी योग्यही. ०.२ मायक्रोफॅरडच्या आसपासची ही डबी शॉर्ट झाली तर ठिणगी पूर्ण बंद होते, आतून सुटली तर पॉइंटमध्ये लखलखाट होतो आणि प्लगला पिवळी, अशक्त ठिणगी मिळते. तो लखलखाट कॅप काढून, सेल्फ मारताना डोळ्यांनी दिसतो. साध्या मीटरने कंडेन्सरची नीट परीक्षा होत नाही. खात्रीचा दुसरा लावून पाहणे हीच परीक्षा. डिस्ट्रिब्युटर उघडायचा नसेल तर जुन्याची वायर सोडवून, दुसरा कंडेन्सर बाहेरच कॉइलच्या पॉइंटकडच्या टर्मिनलला जोडावा आणि त्याची धातूची डबी लोखंडाला घट्ट स्क्रूने आवळावी. तेवढ्यावर गाडी कित्येक किलोमीटर जाते.

कॉइल शेवटी. मीटरने दोन छोट्या टर्मिनलमध्ये साधारण ३ ओहम, आणि मधल्या भोकापासून छोट्या टर्मिनलपर्यंत काही हजार ओहम दिसले पाहिजेत. कॉइलच्या वायरी उलट्या जोडल्या तरी गाडी चालते, म्हणून ही चूक वर्षानुवर्षे उघडकीला येत नाही. मात्र ठिणगीला निष्कारण जास्त व्होल्टेज लागते आणि थंडीच्या सकाळी गाडी कुरकुरते.

कॅप, रोटर, वायरी

मधल्या वायरीतून सणसणीत ठिणगी येते, तरी गाडी चालू होत नाही, असे असेल तर कॅप उजेडात धरून आतून पाहावी. बेकेलाइटवर पेन्सिलीने ओढल्यासारखी बारीक काळी रेघ एका खांबापासून दुसऱ्यापर्यंत गेलेली दिसली, तर करंटने आपली आडवाट पाडली आहे. ती रेघ कार्बनची असते आणि एकदा पडली की खरवडूनही पुरती जात नाही, कॅप बदलावी. मध्यभागी स्प्रिंगवर बसलेला कार्बनचा छोटा दांडा बोटाने दाबून उसळतो का, तेही पाहावे. तो तुटून पडला तरी कॅप बाहेरून नवीच दिसते.

कोकणात आणि मुंबईत जून ते सप्टेंबर या जागेचा खरा शत्रू म्हणजे दमट हवा. साचलेल्या पाण्यातून गाडी गेली की पंख्याचे तुषार कॅपवर येतात आणि करंट प्लगकडे जायच्याऐवजी ओल्या पृष्ठभागावरून अर्थ होतो. कोरड्या फडक्याने कॅप आतून-बाहेरून पुसणे, वायरींची टोके पुसणे, एवढेच करायचे असते. बाजारात मिळणारा डब्ल्यूडी-४० फवारा इथे उपयोगी पडतो. १९५३ साली अमेरिकेत तो पाणी हटवण्यासाठीच तयार झाला होता आणि नावातली अक्षरेही त्याचीच आहेत. गळती कुठे आहे हे अंधारात उत्तम कळते: रात्री बॉनेट उघडून सेल्फ मारला की वायरींवर निळसर किडे वळवळल्यासारखे दिसतात. सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभ्या गाडीच्या वायरी उंदीर कुरतडतात, त्या जागाही अशाच सापडतात.

रोटरचा दोष सर्वांत लबाड. त्याच्या पितळी पट्टीखालून, बेकेलाइटमधल्या केसाएवढ्या भेगेतून करंट आतल्या लोखंडी दांड्याला जातो आणि रोटर मात्र धडधाकट दिसतो. परीक्षा सोपी आहे. कॅप काढून, रोटर जागेवर ठेवून, कॉइलच्या वायरीचे टोक पितळी पट्टीच्या तीन-चार मिलिमीटर वर धरावे आणि सेल्फ मारावा. रोटर चांगला असेल तर ठिणगी पट्टीवर सारखी उडत नाही, कारण तिला पुढे जायला वाटच नसते. धडाधड उडू लागली, तर ती खाली झिरपते आहे, रोटर बाद. हा तुकडा काढून खिशात घातला की गाडी चोरालाही चालू करता येत नाही. दुसऱ्या महायुद्धात, १९४० साली, जर्मन सैन्य उतरले तर त्याच्या हाती चालत्या गाड्या लागू नयेत म्हणून ब्रिटनमध्ये उभी गाडी निकामी करून ठेवायची सक्ती झाली, तेव्हा लोक हाच रोटर काढून नेत. गॅरेजमध्येही तो कधीकधी मेकॅनिकच्या खिशातच राहतो, आणि मग कॅप लावून तासभर सेल्फ मारला जातो.

प्लग आणि टायमिंग

प्लग बाहेर काढले की ते बोलतात. टोक फिकट तपकिरी असेल तर सगळे ठीक. कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त. तेलकट काळे म्हणजे इंजिन तेल वर चढते आहे. पेट्रोलने ओले म्हणजे पेट्रोल येते आहे, पण ठिणगी पडत नाही किंवा चोक ओढून ओढून गाडी ओव्हरफ्लो झाली आहे. ओव्हरफ्लो झालेल्या गाडीत चोक पूर्ण आत ढकलावा, अॅक्सिलरेटर तळाशी दाबून धरावा आणि सेल्फ मारावा, म्हणजे नुसती हवा जाऊन सिलिंडर कोरडे होतात. त्यानेही भागले नाही तर प्लग काढून, पुसून, उन्हात वाळवावेत. चिनी मातीच्या भागाला भेग असेल तर तो प्लग टाकून द्यावा. गॅप साधारण ०.६ मिलिमीटर; फिलर गेज नसेल तर हॅक्सॉच्या पात्याची जाडी जवळजवळ तेवढीच असते.

वायरी काढून पुन्हा लावल्या असतील तर क्रम तपासावा. पद्मिनीचा आणि अँबेसिडरचाही फायरिंग ऑर्डर १-३-४-२. दोन वायरींची अदलाबदल झाली की गाडी कार्ब्युरेटरमधून खोकते किंवा सायलेन्सरमधून फटाके फोडते. डिस्ट्रिब्युटर काढून बसवला असेल तर आणखी एक घोळ होऊ शकतो. पहिल्या सिलिंडरचा पिस्टन प्रत्येक आवर्तनात दोनदा वर येतो, पण ठिणगी एकदाच, कॉम्प्रेशनच्या वेळी, हवी असते. पहिला प्लग काढून भोकावर अंगठा ठेवावा आणि इंजिन हाताने फिरवावे. अंगठा हवेने ढकलला गेला की तो कॉम्प्रेशनचा फेरा. मग पुलीवरची खूण जुळवून टेस्ट लॅम्प कॉइलच्या पॉइंटकडच्या टर्मिनलला लावावा, चावी ऑन ठेवून डिस्ट्रिब्युटर सावकाश फिरवावा आणि दिवा ज्या क्षणी लागतो तिथे त्याचा नट आवळावा. दिवा लागणे म्हणजे पॉइंट उघडणे, आणि तोच ठिणगीचा क्षण. सेल्फ मारताना इंजिन उलटा झटका देत असेल तर ठिणगी फार लवकर पडते आहे. हा नट ढिला राहिल्याने डिस्ट्रिब्युटर वाटेत आपोआप फिरून गाडी बंद पडल्याची उदाहरणेही थोडी नाहीत.

गरम झाल्यावर बंद पडणारी गाडी

सकाळी निमूट चालू होते, तासाभराने सिग्नलला बंद पडते, अर्धा तास उभी ठेवली की पुन्हा चालू होते: या तक्रारीवर थंड इंजिनात केलेली कुठलीही तपासणी निरुपयोगी. गरम झाल्यावर कॉइलमधल्या बारीक तारेचे इन्सुलेशन हार मानते किंवा कंडेन्सरमधला जोड सुटतो, आणि थंड होताच दोन्ही पूर्ववत होतात. चावी ऑन ठेवून, इंजिन बंद असताना गाणी ऐकत बसण्याची सवय कॉइल अशीच भाजून काढते, कारण पॉइंट मिटलेले असले तर करंट अखंड वाहत राहतो.

पण हुबेहूब हेच लक्षण पेट्रोलच्या वाफेचेही असते. उन्हाळ्यात पंपात किंवा पाइपमध्ये पेट्रोलची वाफ होऊन पुरवठा तुटतो. म्हणूनच जुने ड्रायव्हर इंजिनजवळच्या या पंपावर ओले फडके टाकून ठेवत. दोघांतला फरक गाडी बंद पडल्याबरोबर, पहिल्या दोन-तीन मिनिटांतच कळतो, नंतर नाही. लगेच बॉनेट उघडून कॉइलची मधली वायर काढावी आणि सेल्फ मारून ठिणगी पाहावी. ठिणगी नसेल तर ओले फडके कॉइलभोवती गुंडाळावे. दहा मिनिटांत ठिणगी परतली तर कॉइल बदलायची, नाही परतली तर कंडेन्सर. ठिणगी तशीच निळी, कडक असेल, तर इग्निशनला दोष नाही. पुढचा शोध पंप, पाइप आणि कार्ब्युरेटर यांच्याकडे न्यावा लागतो.